आयरिश नाताळात तब्येत सांभाळायची तर: कॅरागीनपासून समुद्रस्नानापर्यंत, क्रमानं

दर डिसेंबरात डब्लिनमधल्या मराठी घरांतून त्याच तीन तक्रारी ऐकू येतात. कॅरागीनचं, म्हणजे समुद्री शेवाळाचं, पेय पाणचट झालं आणि त्याला ओहोटीच्या किनाऱ्यासारखा वास येतोय. हॉट व्हिस्कीचा ग्लास हातातच तडकला. आणि नाताळच्या सकाळी हौसेनं समुद्रात उतरलेले दाजी संध्याकाळपर्यंत दोन रजयांखाली कुडकुडत होते. सामान तिन्ही वेळा बरोबर होतं, चुकला तो क्रम. म्हणून आयरिश घरांत या दिवसांत जे करतात ते किती करायचं, कशानंतर काय आणि कुठे थांबायचं, तेवढंच इथे लिहिते.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. यातल्या कशानंही सर्दी किंवा फ्लू बरा होत नाही. घसा ओला राहतो, पोटात गरम जातं, माणूस घराबाहेर पडून उजेडात येतो. बाकीचं काम शरीर स्वतः करतं.

१. २३ डिसेंबरच्या आत: सामान आणि औषधं

आपल्याकडे ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशीही कोपऱ्यावरचा केमिस्ट उघडा सापडतो. इथे २५ डिसेंबरला ट्रेन नाही, बस नाही, दुकानं बंद, पब बंद, बहुतेक फार्मसीही बंद. २४ च्या दुपारपासूनच शटर खाली यायला लागतात. तेव्हा २३ ला रात्री स्वयंपाकघरात हे असलंच पाहिजे:

– वाळवलेलं कॅरागीन, एक छोटं पाकीट
– पाच-सहा लिंबं, अख्खी लवंग, मध, आलं
– कांदे, गाजर, सेलरी, बार्ली
– थर्मामीटर, पॅरासिटामॉल, जलसंजीवनीची पाकिटं
– रोजची औषधं, निदान दहा दिवस पुरतील इतकी

पॅरासिटामॉलचं सुपरमार्केटमध्ये १२ गोळ्यांचं पाकीट मिळतं, फार्मसीत २४ चं, आणि एका वेळी जास्त पाकिटं देत नाहीत. चार माणसांच्या घरात दोघं एकदम आडवे झाले तर १२ गोळ्या दिवसभरातही संपू शकतात. डॉक्टरच्या चिठ्ठीवरची औषधं २४ तारखेला मागायला गेलात तर रांगेत तासभर उभं राहाल आणि हातात काही पडेलच असं नाही.

फ्लूची लस घ्यायची असेल तर ती याच्याही आधी, कारण ती लागू पडायला साधारण २ आठवडे जातात. नोव्हेंबर उत्तम. फार्मसीतही देतात.

तपासा: रात्री-अपरात्रीच्या डॉक्टरसेवेचा तुमच्या भागातला नंबर फ्रिजवर चिकटवलाय का? तातडीसाठी ११२ किंवा ९९९.

२. कॅरागीन: आधी बरोबर वस्तू आणा

निम्म्या चुका दुकानातच होतात. कॅरागीन म्हणजे खडकावर वाढणारं लाल जातीचं समुद्री शेवाळ. आयरिशमध्ये या शब्दाचा अर्थच ‘छोटा खडक’. ताजं असताना ते जांभळट-काळसर असतं. उन्हात वाळवून, मध्ये मध्ये भिजवून पुन्हा वाळवलं की पिवळट-गुलाबी, कुरकुरीत पंख्यासारखे तुकडे होतात. पाकिटात तेच हवं.

त्याच फळीवर ‘डल्स’ असतं. गडद लालजांभळ्या, मऊ चामड्यासारख्या पट्ट्या. ते नुसतं चघळायचं असतं, शिजवून दाट होत नाही. माझं पहिलं पाकीट तेच निघालं. अर्धा तास उकळून हाताला लागलं ते जांभळं खारट पाणी. तिसरी वस्तू ‘सी मॉस जेल’. बाटलीत तयार मिळणारं हे जेल बहुतेकदा उष्ण समुद्रातल्या वेगळ्याच शेवाळाचं असतं. त्यानं काही बिघडत नाही, पण खाली दिलेली मापं त्याला लागू होत नाहीत.

सावध: समुद्री शेवाळात आयोडीन असतं. थायरॉइडचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कॅरागीन घेऊ नये. केल्प नावाचं जाड तपकिरी शेवाळ तर घरात आणूच नका. त्यात आयोडीन कितीतरी जास्त.

३. कॅरागीन: भिजवणं, शिजवणं, गाळणं

माप: एक लिटर पाण्याला ७ ते १० ग्रॅम. काटा नसेल तर सैल मिटलेल्या मुठीत मावेल एवढं. ‘शेवाळच ते, घाल मूठभर जास्त’ म्हणून घातलंत तर प्यायला काही उरणार नाही, सुरीनं कापायची वडी होईल.

पहिल्यांदा तुकडे कोरडेच ताटात पसरून निवडा. बारीक शिंपले, वाळू, कडक देठ निघतात. तांदूळ निवडणाऱ्या हातांना हे सांगायला नको. मग थंड पाण्यात एकदा खळबळून ते पाणी फेका. त्यानंतर कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं भिजवा आणि तेही पाणी फेका. ओहोटीचा वास याच दोन पाण्यांबरोबर जातो. भिजवलेलं पाणी ‘सत्त्व त्यातच’ म्हणून पातेल्यात ओतणारे पुष्कळ आहेत. तक्रारीही त्यांच्याच.

आता ताजं पाणी, भिजलेलं कॅरागीन आणि आल्याचा ठेचलेला तुकडा जाड बुडाच्या पातेल्यात घाला. एक उकळी आली की आच अगदी मंद करून, झाकण ठेवून २० ते ३० मिनिटं. मध्ये मध्ये ढवळा, बुडाला धरतं.

इथे आपली सर्वात मोठी गफलत होते ती चायना ग्रासच्या सवयीमुळे. चायना ग्रास पूर्ण विरघळेपर्यंत उकळायचा असतो. कॅरागीन पूर्ण विरघळत नाही. ते फुगतं, लिबलिबीत होतं, त्यातून चिकट गर सुटतो आणि सांगाडा तसाच राहतो. विरघळायची वाट पाहत तासभर उकळत ठेवू नका. अर्ध्या तासानं पाणी पेजेसारखं दाटसर दिसलं की झालं.

तपासा: बशीत चमचाभर घेऊन दोन मिनिटं गार होऊ द्या. बोटानं ओढल्यावर हलकी सुरकुती पडली तर बरोबर. पाण्यासारखं वाहिलं तर आणखी पाच मिनिटं शिजवा. बशीत घट्ट बसलं तर कपभर गरम पाणी घाला.

लगेच, गरम असतानाच गाळा. गाळणीत राहिलेला गर चमच्याच्या पाठीनं घासून खाली उतरवा, दाटपणा त्यातच असतो. गार झाल्यावर गाळायला गेलात तर अर्धा माल गाळणीतच बसेल.

लिंबू आणि मध आच बंद केल्यावर, पेय कपात ओतताना. यामागे कारण आहे. आंबट घालून उकळलं की कॅरागीनचा चिकटपणा तुटतो आणि पेय पुन्हा पाणी होतं. ‘माझं दाट का होत नाही?’ असं विचारणाऱ्या दहातल्या आठांनी लिंबू पहिल्यापासून पातेल्यात घातलेलं असतं.

दुधात करायचं असेल तर कॅरागीन निम्मं घ्या. दुधातल्या प्रथिनांशी ते जास्त घट्ट जमतं. गोडाला साखर, वासाला जायफळ किंवा व्हॅनिला, आणि लिंबू अजिबात नाही. नेहमीच्या मापानं केलंत तर गार झाल्यावर खरवसासारखं बसतं. आयरिश घरांत ते पुडिंग म्हणून खातात आणि तेही छान लागतं, पण घसा शेकायला आपल्याला प्यायचं आहे.

दिवसातून दोन छोटे कप, घोट घोट, पुरे. उरलेलं फ्रिजमध्ये दोन दिवस राहतं. तिथे ते घट्ट बसेल, घाबरू नका. मंद आचेवर ठेवलं की पुन्हा पातळ होतं.

सावध: एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही. चाटवायलासुद्धा नाही.

४. कांदा-दूध

आयर्लंडच्या खेड्यांत सर्दीवरचं हे जुनं पथ्य. १९३७ ते १९३९ मध्ये शाळकरी मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडून लोककथा आणि घरगुती उपाय लिहून घेतले, त्या संग्रहातही कांद्याचे उपाय आहेत. दोन मोठे कांदे पातळ चिरा. कपभर पाण्यात झाकण ठेवून पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवा. मगच दोन कप दूध घाला आणि उकळी न आणता दहा मिनिटं मंद आचेवर ठेवा. लोणी, भरपूर मिरी. मीठ शेवटी, वाढताना. कांदा आधी परतून लाल केला तर ते पथ्य राहत नाही, कांद्याचा रस्सा होतो. दूध पहिल्यापासून कांद्याबरोबर खदखदलं तर फाटतं.

माझ्या आईला हे फोनवर सांगितलं तर पलीकडे दोन सेकंद शांतता होती. दूध आणि कांदा म्हणजे विरुद्ध अन्न! ज्यांच्या घरी हे मानतात त्यांनी ही पायरी खुशाल गाळावी, पुढचं काही अडत नाही.

५. हॉट व्हिस्की, आणि व्हिस्कीशिवायची

ग्लास तडकतो कारण थंड काचेत उकळतं पाणी पडतं. क्रम असा:

ग्लास आधी नळाच्या गरम पाण्यानं विसळून ओता. त्यात धातूचा चमचा उभा ठेवा, तो बराच ताप शोषतो. चमचाभर साखर किंवा मध. लिंबाची जाड चकती, तिच्या गरात चार-पाच लवंगा खोचून. लवंगा सुट्या टाकल्या तर घोटाबरोबर तोंडात येतात. पाणी उकळून मिनिटभर थांबा, मग अर्ध्याहून थोडं जास्त ओता आणि साखर विरघळेपर्यंत ढवळा. व्हिस्की सगळ्यात शेवटी, एक माप. इथल्या पबमधलं माप ३५.५ मिलिलिटरचं. व्हिस्की आधी घालून वर उकळतं पाणी ओतलं की वाफेबरोबर उडणारा अल्कोहोल सरळ नाकात जातो आणि आधीच खवळलेला घसा आणखी ठसकतो.

एकच ग्लास. दुसऱ्यानं झोप येते पण मोडते, आणि पहाटे घसा जास्त कोरडा. मी स्वतः व्हिस्कीशिवायचीच करते. लवंग, लिंबू, गरम पाणी आणि मध यांनी जे व्हायचं ते होतंच.

सावध: सर्दीच्या गरम पाण्यात मिसळायच्या पुड्यांमध्ये बहुतेकदा पॅरासिटामॉल असतं. पुडी घेऊन वर गोळीही घेतली तर मात्रा दुप्पट. पाकिटामागचं वाचा. झोप आणणाऱ्या सर्दीच्या औषधांवर दारू नको.

सावध: भारतीय लायसन्स इथे थेट बदलून मिळत नाही, म्हणून आपल्यातले बरेच जण लर्नरवर असतात किंवा नव्या लायसन्सच्या पहिल्या दोन वर्षांच्या ‘एन’ पाटीवर. इतर बहुतेक चालकांना १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम अल्कोहोलची मर्यादा आहे, या दोघांना २० ची. रात्री उशिरा घेतलेली व्हिस्की सकाळी रक्तात असू शकते, आणि नाताळात तपासणी सकाळीही असते.

६. नाताळच्या सकाळचा समुद्र

सँडीकोव्हच्या फॉर्टी फूटवर, म्हणजे डब्लिनजवळच्या समुद्रस्नानाच्या जागी, २५ डिसेंबरला सकाळपासून झुंबड असते. लाल टोप्या, आरोळ्या, थर्मास, कुत्री. पाहून कुणालाही वाटतं, चला आपणही. थांबा. पाणी साधारण १० अंशांचं असतं. तुमच्या शेजारी उड्या मारणारे लोक सप्टेंबरपासून दर आठवड्याला येतायत.

कोणी उतरू नये: हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, दमा, गरोदरपण, ताप किंवा खोकला, आणि आदल्या रात्रीची किंवा सकाळची दारू. दारूनं कातडीजवळच्या रक्तवाहिन्या सैल होतात. ऊब वाटते आणि शरीर मात्र भराभर गार होतं. पोहता येत नसेल तर काठावर उभे राहून फोटो काढा, त्यातही मजा आहे.

पूर्वतयारी ऑक्टोबरपासून: आठवड्यातून एकदा, मिनिट-दोन मिनिटं. आयुष्यातली पहिली थंड डुबकी २५ डिसेंबरला नको. आदल्या दिवशी मेट एरनचा (इथल्या हवामान खात्याचा) वाऱ्याचा इशारा आणि भरतीची वेळ पाहा. इशारा असेल तर बेत रद्द. २५ ला डार्ट (किनाऱ्याची लोकल ट्रेन) चालत नाही, म्हणून गाडी कोण चालवणार हेही आधी ठरवा. चालवणारा शक्यतो पाण्यात न उतरणारा.

काठावर: कपडे काढण्यापूर्वी कोरडे कपडे घालायच्या क्रमानं रचून ठेवा. सगळ्यात वर पंचा, मग बनियन, स्वेटर, टोपी, मग खालचे कपडे, मोजे. बटणं आणि नाड्या टाळा, बाहेर आल्यावर बोटं चालत नाहीत. रबरी तळाचे पाण्यातले बूट घाला, पायऱ्या शेवाळलेल्या असतात. दिवाळीच्या सवयीनं अंगाला तेल चोपडून आलेला एक गृहस्थ मी पाहिलाय. तेलानं ऊब राहत नाही, कठड्यावरचा हात मात्र सटकतो.

पाण्यात: उडी नाही. पायऱ्यांनी, कठडा धरून. आधी मनगटं, मान आणि चेहऱ्यावर पाणी मारा. छातीपर्यंत पाणी आलं की श्वास अडकल्यासारखा होतो आणि धापा लागतात. हा झटका साधारण मिनिट-दीड मिनिटात ओसरतो. तोवर पोहायला सुरुवात करू नका. कठडा सोडू नका, श्वास लांब सोडत राहा. घाबरगुंडी उडालीच तर पाठीवर तरंगा, हातपाय मारू नका. श्वास जागेवर आला की दहा-बारा हात मारून परत. पहिल्या वर्षी एकूण दोन मिनिटं पुष्कळ झाली. ‘जितके अंश तितकी मिनिटं’ हा हिशोब ऐकाल, तो मुरलेल्यांचा आहे.

बाहेर आल्यावर: खरी गडबड इथेच होते. पाण्याबाहेर आल्यावरही दहा-वीस मिनिटं शरीर आतून गार होत राहतं, कारण हातापायांतलं थंड रक्त मध्याकडे परततं. बाहेर येताच मस्त वाटतं म्हणून सेल्फी काढत ओल्या अंगानं उभे राहिलेले दाजी याच चुकीनं रजईत गेले. पंचानं टिपा, आधी वरचं अंग झाका, टोपी घाला, मग खालचं. मग थर्मासमधलं गरम पेय, बसून, घोट घोट. घरी जाऊन लगेच कडकडीत शॉवर नको, चक्कर येऊन पडण्याची भीती असते. कुडकुडणं थांबेपर्यंत गाडी चालवू नका.

तपासा: बोलताना जीभ जड होतेय, माणूस भलतंच बोलतोय किंवा कुडकुडणं अचानक थांबून मलूल झालाय? ११२ ला फोन करा.

७. टर्कीच्या हाडांचं सूप

टर्की धुऊ नका. मटण-चिकन धुण्याची सवय आपल्या हाडीमासी आहे, पण धुतल्यानं जंतू सिंकभर आणि ओट्यावर उडतात. शिजवण्यानं ते मरतात, धुण्यानं पसरतात. गोठलेली टर्की फ्रिजमध्येच सुटू द्या. साधारण दोन ते अडीच किलोला एक दिवस, म्हणजे पाच किलोची २२ तारखेला फ्रीजरमधून बाहेर.

जेवणं झाली की दोन तासांच्या आत मांस सोडवून उथळ डब्यांत फ्रिजमध्ये. सांगाड्यातलं सारण काढून टाका, नाहीतर सूप गढूळ होतं. सांगाडा मोडून पातेल्यात, वर बुडेल इतकं थंड पाणी, कांदा, गाजर, सेलरी, तमालपत्र, मिरे. हळूहळू उकळी आणा, वरचा फेस काढा, मग दोन-तीन तास नुसतं डुचमळू द्या. खळाखळा उकळलं तर चरबी मिसळून पांढुरकं होतं. गाळा, मूठभर बार्ली घाला आणि ती मऊ होईपर्यंत शिजवा, पाऊण तास तरी. मीठ चाखून शेवटी, विशेषतः हॅमचं हाड घातलं असेल तर. ते आधीच खारट असतं. शाकाहारी घरात हाडांऐवजी लीक (कांद्याच्या जातीची भाजी) आणि जास्तीची बार्ली, तेही तितकंच पोटभरीचं.

सावध: आमटीसारखं पातेलं रात्रभर शेगडीवर ठेवू नका. छोट्या भांड्यांत वाटून लवकर गार करा, मग फ्रिजमध्ये, आणि तीन दिवसांत संपवा. लागेल तेवढंच एकदाच गरम करा, वाफा येईपर्यंत.

पोट बिघडलंच तर शेजारची आयरिश आजी गॅस गेलेलं सेव्हन-अप सुचवेल. प्रेमानं ऐकून घ्या, पण त्यात साखर जास्त आणि मीठ जवळजवळ नाही. उलटी-जुलाबात जलसंजीवनीच बरी.

८. २६ डिसेंबर ते ६ जानेवारी

सेंट स्टीफन्स डेला, म्हणजे २६ ला, सगळं आयर्लंड चालायला बाहेर पडतं. या दिवसांत डब्लिनला सूर्य साडेआठनंतर उगवतो आणि चार वाजून गेले की मावळतो. म्हणून ‘जेवून, भांडी आवरून निघू’ म्हणालात की अंधार. ११ ते १ ही वेळ धरा. डन लिअरी बंदराचा पूर्वेकडचा धक्का जाऊन-येऊन अडीच किलोमीटरच्या आसपास आहे, भरल्या पोटी पुरतो. वारा जाताना तोंडावर येईल अशी वाट निवडा, म्हणजे घाम आलेल्या अंगानं परतताना तो पाठीवर राहतो.

६ जानेवारी म्हणजे ‘नॉलिग ना मॉन’, बायकांचा नाताळ. कॉर्क आणि केरीकडे हा दिवस अजून नेटानं पाळतात. घरातली बाई त्या दिवशी काम करत नाही, मैत्रिणींबरोबर बाहेर जाते किंवा पाय पसरून बसते. दोन आठवडे उभ्यानं राबलेल्या शरीराला याची गरज असते. पण इथेही तयारी चुकते. आदल्या रात्री काही ठरलेलं नसतं, आणि मग बाई सुट्टीच्या दिवशीही सोफ्यावरून सूचना देत राहते. ५ तारखेलाच ठरवा, जेवण कोण करणार, दिवे आणि झाड कोण उतरवणार. बार्लीचा डबा, मीठ, मोठं पातेलं ओट्यावर काढून ठेवा. ‘मीठ कुठंय?’ असं विचारायला सोफ्याकडे यायला मनाई.